आठवी रेघ

(लातूर. पुनर्वसन केंद्रातली संगीतोपचाराची खोली, सकाळचे अकरा. चाकाच्या खुर्चीत मडिवाळप्पा. शेजारी सून सुकन्या, तिच्या मांडीवर दोन वर्षांची अंजू. समोर पेटी घेऊन उपचारक पंचशीला.)

पंचशीला: नाही ताई, खोटं मी लिहू शकत नाही. आजची तेविसावी बैठक. आणि शब्द आलाय तो एकच. पत्रात तेवढाच येणार.

सुकन्या: खोटं लिहा म्हणत नाही मी, मॅडम. नीट लिहा म्हणते. उद्या सकाळी नऊला औश्याहून सेवा केंद्राची गाडी येणार, बाबांना तिथं ठेवायला न्यायला. तिथल्या बायकांना बाबांची काहीच माहिती नाही. पत्र वाचून त्यांना कळायला पाहिजे, हे काय म्हणतात आणि म्हटल्यावर काय करायचं. अंजू, वायर नको.

पंचशीला: मग तुम्ही सांगा, मी उतरवून घेते.

सुकन्या: लिहा, पेशंट 'बेड' म्हणतो. तोंड एका बाजूला ओढलंय म्हणून 'ब्याड' असं येतं. दवाखान्यात वॉर्डातले लोक तसंच म्हणायचे ना, ब्याड खाली करा, ब्याड सरकवा. तिथूनच तोंडात बसलं त्यांच्या. तर असं म्हणाले की पलंगावर आडवं करायचं.

पंचशीला: केल्यावर शांत होतात?

सुकन्या: कधी होतात. कधी आडवं केल्यावर अजूनच म्हणतात. मग मी उशी बदलते, चादर ओढून घेते. तरी म्हणतात. मग मी निघून जाते, खरं सांगायचं तर. अंजू, नको म्हटलं ना.

पंचशीला: दारात कुणी आजी आल्यात.

सुकन्या: आत्या, या ना. मॅडम, या शिवम्मा आत्या, बाबांच्या थोरल्या बहीण. कासार शिरशीला असतात, निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. बाबा उद्या जाणार म्हणून भेटायला आल्यात.

शिवम्मा: पुतन्यानं गाडीतून दारात सोडलं म्हनून आले. पन बाई, मोडक्या मानसांचा दवाखाना आन पुढं चार पायऱ्या. बांधनाऱ्याचा खुबा कदी मोडला न्हाई वाटतं.

पंचशीला: मागून उतार आहे, आजी. पुढच्या वेळी तिकडून—

शिवम्मा: पुढची येळ कुठली आता. तम्मा, बघ की हिकडं. म्या आले. किती वाळलास रं.

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: वळखलं का न्हाई ह्यानं?

सुकन्या: ओळखतात, आत्या. बोलत नाहीत फक्त.

शिवम्मा: फोनवर बी असंच. तू कानाला फोन लावून द्यायचीस आन हा गप. म्याच एकली बडबडायची. म्हनलं राग धरला असंल, बहीन आली न्हाई म्हनून. सुरवातीला आले तवा नाकातोंडात नळ्या व्हत्या, आन घरी गेले ते न्हानीत घसरून खुबाच मोडला. कशी येनार.

पंचशीला: राग नाही, आजी. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. बोलणं तिथं असतं. गाणं मात्र पुष्कळांचं दुसऱ्या बाजूनं टिकून राहतं. म्हणून आम्ही शब्द गाण्यात घालून देतो. सूर दोनच. डाव्या हाताची थाप, प्रत्येक अक्षराला एक. पा-णी. पा-णी.

शिवम्मा: मग म्हनला पानी?

पंचशीला: नाही.

शिवम्मा: किती दिस म्हनून घेऊन राहिलात?

पंचशीला: पाच महिने.

शिवम्मा: बरं. इभूत लावते ह्याला. कपाळ कसं उघडं दिसून राहिलं. आन मिशी कुठं गेली ह्याची?

सुकन्या: काढली. भरवताना सगळं मिशीत अडकायचं.

शिवम्मा: लग्नाच्या आदीपासनं व्हती. ऱ्हाऊ दे. ही अंजू का? ये ग. घे, शेंगदान्याचा लाडू हाय.

अंजू: ब्याड.

शिवम्मा: बरं, ऱ्हाऊ दे. मागून खा.

सुकन्या: झोप आली असेल. आजोबांचं ऐकून तीही तेच म्हणायला लागलीय. म्हणाली की मी थोपटते.

शिवम्मा: हाताला पट्टी कशाची ग हिच्या?

सुकन्या: भाजलं. महिना होऊन गेला. डॉक्टर म्हणतात बोटं नीट वळतील. वण मात्र राहील, मनगटापर्यंत.

शिवम्मा: आन मला कुनी सांगितलं न्हाई. कशानं भाजलं?

सुकन्या: बाबांचं अंग पुसायला कढत पाणी काढलं होतं. बादली पलंगापाशी. मी स्वयंपाकघरात, भाकर तव्यावर. हिनं हात घातला.

शिवम्मा: आन हा कुठं व्हता?

सुकन्या: पलंगावर, टेकवून बसवलेले. तोंड बादलीकडंच. दोन हात लांब सुद्धा नव्हते. आणि म्हणत काय होते माहीत आहे? बेड. बेड, बेड, बेड. लेकरू डोळ्यांसमोर भाजतंय, आणि यांना... जाऊ द्या. त्यांच्यासमोर नको.

पंचशीला: ताई, त्यांना कळतं सगळं. मी सांगितलंय तुम्हाला.

सुकन्या: कळतं म्हणूनच जीव जळतो, मॅडम. कळत नसतं तर मी म्हटलं असतं, बिचारे. त्या दिवशीच मी माझ्या नवऱ्याला, रविकिरणला सांगितलं, आता माझ्याच्यानं होणार नाही. तुमची नांदेडला बदली, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकीकडं पोरगी, एकीकडं बाबा. मला डोळे दोनच आहेत. मग त्यांनी ते केंद्र शोधलं.

शिवम्मा: म्या नेलं असतं ह्याला. पन माजंच दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठिवून चाललंय.

सुकन्या: तुम्हाला कोण काय म्हणतंय, आत्या. चला मॅडम, सुरू करा. शेवटचंच आहे.

पंचशीला: नेहमीसारखं त्यांच्याच आवाजानं सुरू करू. तो फोन द्या. काका, डावा हात इथं, फळीवर. ऐका हं.

शिवम्मा: हे कुठलं लावलंय?

सुकन्या: बाबांचंच आहे. भजनी मंडळात गात होते ना.

शिवम्मा: आवाज वळखते की म्या. गानं कुठलं लावलंय म्हनते. हे तर मयत बसवल्यावर म्हनत्यात.

पंचशीला: म्हणजे?

सुकन्या: आमच्यात आडवं नेत नाहीत, मॅडम. बसवतात आणि भोवतीनं भजन करतात. हे सासूबाईंना बसवलं तेव्हाचं आहे. बाबा त्यांच्यासमोर बसून गात होते. मी मागं उभी राहून फोनमध्ये घेतलं.

पंचशीला: हे मला सांगितलं नाहीत तुम्ही.

सुकन्या: तुम्ही म्हणालात, मनाला भिडलेलं गाणं आणा. आणि त्यांच्या आवाजातलं माझ्याकडं तेवढंच होतं.

मडिवाळप्पा: ब्याड.

पंचशीला: बघा, आलं. छान, काका. आता थापेवर.

मडिवाळप्पा: ब्याड. ब्याड.

शिवम्मा: ब्याड अंदरं ब्याड, तम्मा. बंद कर ग बाई ते.

पंचशीला: आजी, थांबा जरा. आत्ता कुठं बोलायला लागलेत.

शिवम्मा: बोलायला लागलाय तर ऐका की मग. नको म्हनून राहिला तो.

सुकन्या: काय म्हणालात?

शिवम्मा: नको म्हनतोय. ब्याड.

सुकन्या: बेड म्हणतात ते, आत्या. पलंग.

शिवम्मा: पलंगाला कोन एवढं कळवळून हाका मारंल? ब्याड म्हंजे नको. कानडी हाय ते, तम्मा म्हंजे धाकला भाऊ तसं. माय वाढायला आली की हा ताटावर हात आडवा धरून हेच म्हनायचा. ब्याड, अव्वा, ब्याड.

पंचशीला: ताई, फोन बंद करा. बंद करा आधी.

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: झाला का न्हाई गप.

सुकन्या: पण बाबा कानडी बोलत नव्हते. लग्न होऊन सहा वर्षं झाली मला. एक शब्द ऐकला नाही कधी. रविकिरणलाही येत नाही.

शिवम्मा: कुनासंगं बोलनार? बारा वर्साचा असताना मामाच्या भांड्याच्या दुकानात आला लातूरला. बायको केली औश्याची. तिला कानडी येत नव्हतं. माय हुती तवर शिरशीला आला की मायसंगं बोलायचा. माय गेली, मिटलं.

पंचशीला: पहिल्या दिवशीचा फॉर्म हा इथंच आहे फाईलला. नाव, वय, आधीचे आजार... मातृभाषा. मराठी.

सुकन्या: मीच भरला होता.

शिवम्मा: मातृभाषा म्हंजे मायची भाषा का?

पंचशीला: हो, आजी.

शिवम्मा: मग आमची माय कानडी बोलायची. मरेपोत्तर मराठीत धड बाजार करता आला न्हाई तिला.

पंचशीला: मी पण तेवढ्यावर थांबले. आमच्या इस्लापूरकडं तेलुगू कानावर असतं. कानडी नाही. नाहीतर... जाऊ दे. काका, मी पंचशीला. मी आता तुम्हाला काही म्हणून दाखवायला सांगणार नाही. नुसतं विचारते. ते गाणं परत लावू?

मडिवाळप्पा: ब्याड.

पंचशीला: बंदच ठेवू?

मडिवाळप्पा: …

पंचशीला: आजी उठून जाऊ देत घरी?

मडिवाळप्पा: ब्याड.

पंचशीला: इथंच बसू देत, तुमच्याजवळ?

मडिवाळप्पा: …

पंचशीला: पाणी देऊ?

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: दे की मग. बघत काय बसलीस. हं, पी तम्मा. सावकास. बघ, गिलास रिकामा केला. पाच महिने पानी म्हन, पानी म्हन, आन पाजलं कुनी न्हाई.

पंचशीला: पाजत होते, आजी. आधी म्हणा, मग देते, असं होतं आमचं.

सुकन्या: म्हणजे गप्प राहिले की हो.

पंचशीला: असं दिसतंय. आजी, 'पाहिजे'ला काय म्हणतात कानडीत?

शिवम्मा: बेकु.

पंचशीला: आणि तुमची आई काही गायची? ह्यांना निजवताना, दळताना, काहीही.

शिवम्मा: पाळन्यातलं व्हतं की. आता शब्द कुठले आठवायला. चाल येते नुसती. हूं हूं हूंऽ... हूं हूं हूंऽ...

मडिवाळप्पा: हूं... हूं...

पंचशीला: थांबू नका, आजी. चालू ठेवा. सूर धरलाय त्यांनी. काका, थाप द्या. आता शेवटच्या हूंच्या जागी, बे-कु. बे-कु.

मडिवाळप्पा: हूं... हूं... बे...

पंचशीला: बे-कु.

मडिवाळप्पा: बे... ब्या... ब्याड.

शिवम्मा: परत म्हनते. हूं हूं हूंऽ...

मडिवाळप्पा: ब्याड. ब्याड.

पंचशीला: राहू द्या, आजी. दमलेत.

शिवम्मा: पाहिजे गेलं ह्याचं. नको तेवढं राहिलं.

पंचशीला: ताई? तुम्ही काय शोधताय?

सुकन्या: वही बघतेय. तुम्हीच सांगितलं होतं ना, कधी काय बोलले ते लिहून ठेवा. मी एक दिवस चुकवला नाही. ऐका. 'बारा नोव्हेंबर. वरण-भात भरवला. बेड म्हणाले. आडवं केलं. अर्धं ताट राहिलं.' शेपू घातलेलं वरण होतं ते, आत्या.

शिवम्मा: शेपू त्यानं जन्मात खाल्ली न्हाई.

सुकन्या: 'वीस नोव्हेंबर. न्हावी घरी बोलावला. मिशी काढताना सारखं बेड, बेड. न्हावी म्हणाला, आजोबांना झोप आली.' आणि हे बघा. 'चहा दिला, काही बोलले नाहीत. खिडकीत बसवलं, काही बोलले नाहीत. अंजूला मांडीवर दिलं, काही बोलले नाहीत.' अंजूला द्यायची ना मी त्यांच्याकडं, डावा हात तिच्या पाठीशी लावून. प्रत्येक ठिकाणी पुढं मी काय लिहिलंय माहीत आहे? प्रतिसाद शून्य.

अंजू: आई, लाडू.

शिवम्मा: आता पाहिजे का? घे. मघाशी तर ब्याड म्हनत हुतीस.

सुकन्या: हिला कळलं होतं.

शिवम्मा: काय?

सुकन्या: जेवताना मध्येच ब्याड म्हणायची. मी ताट सरकवून हिला मांडीवर थोपटत बसायची. ही रडायची. हिला माहीत होतं, आत्या. दोन वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

पंचशीला: ताई, वही बंद करा आता.

सुकन्या: एक राहिलंय. 'सतरा जानेवारी. बाबांना सांगितलं, केंद्रात बेड मिळाला. खिडकीजवळचा आहे. लगेच म्हणाले, बेड, बेड, बेड. तीन वेळा. आनंद झालेला दिसला.' पुढं मी हसरा चेहरा काढलाय.

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: पोरी, मग त्या दिवशी बी हा हेच म्हनत व्हता न्हवं. लेकराचा हात भाजला त्या दिवशी.

सुकन्या: आत्या, नका.

शिवम्मा: बादलीकडं तोंड करून म्हनलीस.

सुकन्या: नका ना.

शिवम्मा: पोरीला म्हनत असंल की. नको, नको म्हनून.

पंचशीला: आजी, पुरे.

सुकन्या: त्या दिवसाचं पान आहे, मॅडम.

पंचशीला: वाचलंच पाहिजे असं नाही.

सुकन्या: 'नऊ जानेवारी. सकाळी सव्वानऊ. बाबा आपणहून अभ्यास करत आहेत. डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर ठेका. प्रत्येक थापेला एकदा बेड. आवाज मोठा आणि स्पष्ट. इतका मोठा पहिल्यांदाच.' खाली रेघा आहेत. ते म्हणाले की मी एक रेघ मारायची.

पंचशीला: हे पान मी तपासलंय. ही कोपऱ्यात लाल शाईनं सही माझी. 'उत्तम प्रगती' लिहिलंय मी.

सुकन्या: सात रेघा आहेत. आठवी अर्धी.

पंचशीला: अर्धी का?

सुकन्या: तेव्हा अंजू किंचाळली.

पंचशीला: पण ताई, तुम्ही तर भाकर...

सुकन्या: भाकर नव्हती तव्यावर. सगळ्यांना तसं सांगितलं. रविकिरणलाही. मी ओट्याशी उभी राहून रेघा मारत होते. भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं बाबा. मला इतकं बरं वाटत होतं, मॅडम. वाटलं, आज मॅडमना दाखवू. मी तिथूनच ओरडून म्हणाले त्यांना, शाबास बाबा, अजून म्हणा.

शिवम्मा: शिवा, शिवा.

सुकन्या: आणि त्यांनी म्हटलं. अजून जोरात म्हटलं. तुम्ही शिकवलं होतं तसंच, थाप आणि शब्द, थाप आणि शब्द. एक हात चालतो, एक शब्द येतो, दोन्ही लावले त्यांनी. चालला तुमचा इलाज. एकदाच चालला, आणि लागत होता तिथंच चालला. ते पण लिहा पत्रात.

पंचशीला: ताई, पाणी घ्या थोडं.

सुकन्या: महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. घास तोंडात घातला की दुसरीकडं बघायची. ते बघत राहायचे माझ्याकडं. मला वाटायचं, काय निर्लज्ज माणूस आहे. बाबा, तुम्ही... मला फोन द्या. माझा. अंजूला घ्या, आत्या, पट्टीला धक्का लागू देऊ नका. हॅलो. रविकिरण, त्या केंद्रवाल्यांना फोन करा, गाडी पाठवू नका म्हणावं. हो, उद्याची. कारण बाबा नको म्हणताहेत. हो, बोलले. नाही हो, बेड नाही, तेच सांगतेय. ऐका ना पूर्ण. हो. मला माहीत आहे तिसरा मजला आहे. उचलून नेऊ. रोज नाही, एकदाच वर न्यायचं. मग नाही आणायचं खाली. नाही, बाई मिळेल नांदेडला. शोधू. मिळेपर्यंत मी आहे. हो, मीच म्हणाले होते होणार नाही म्हणून. अंजूचं काय, हे तुम्ही मला विचारता? हो. नाही, तुमचं बरोबर आहे. काय म्हणालात? बरं. बरं, विचारते.

शिवम्मा: काय म्हनला?

सुकन्या: म्हणाले, बाबांना खरंच बोलता येत असेल तर त्यांनाच विचार.

शिवम्मा: मग इचार.

सुकन्या: बाबा. इकडं बघा. मी चुकले. मला कळलं नाही. ते नंतर बोलू आपण. आता मी विचारते ते ऐका. आमच्याबरोबर नांदेडला यायचं ना?

मडिवाळप्पा: ब्याड.

सुकन्या: नीट ऐका. गाडीतून नेऊ, वर उचलून नेऊ. अंजू असेल, मी असेन. शेपू घालणार नाही कशात. यायचं ना, बाबा?

मडिवाळप्पा: ब्याड.

सुकन्या: ते रागावलेत, आत्या. रागावणारच. जरा थांबून विचारते.

शिवम्मा: रागाचं तोंड म्या वळखते ह्याचं. हे ते न्हवं. उलटं करून इचार.

सुकन्या: नाही.

शिवम्मा: इचार की.

सुकन्या: मी नाही विचारणार.

पंचशीला: मी विचारू? काका, औश्याच्या रस्त्यावर ते केंद्र आहे. उद्या सकाळी गाडी येईल. तिथं जायचंय तुम्हाला?

मडिवाळप्पा: …

सुकन्या: परत विचारा. ऐकू गेलं नसेल. सतरा तारखेला तीनदा नको म्हणाले होते, मी लिहिलंय.

पंचशीला: काका, पुन्हा विचारते. केंद्रात जाणार तुम्ही?

मडिवाळप्पा: …

सुकन्या: नको म्हणा, बाबा. एकदा म्हणा. रोज म्हणता, आता म्हणा.

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: तवा त्याला ठाव नव्हतं, तू कामून धाडून राहिलीस ते. मघाशी तूच बोललीस त्याच्या म्होरं. तुला डोळे दोनच हायत म्हनलीस. ऐकलं त्यानं.

सुकन्या: मी तुम्हाला सांगत होते. त्यांना नाही.

शिवम्मा: तो बी हितंच बसलाय की ग, पोरी.

पंचशीला: मी औश्याला येऊ शकते, महिन्यातून एकदा. आजींकडून चार शब्द लिहून घेते. काही होईल असं म्हणत नाही मी. पाच महिने चुकीच्या दारात उभी होते, आता योग्य दार सापडलं तर आत कुणी असेलच असं नाही. पण येते.

शिवम्मा: अंजू, आजोबाला लाडू दे. बारीक कुस्करून दे.

अंजू: आजोबा, घे.

मडिवाळप्पा: …

शिवम्मा: बघ, खाल्ला.

पंचशीला: ताई, बारा वाजायला आले. पुढचे पेशंट बाहेर थांबलेत. पत्र राहिलंय. मघाचं मी खोडलं. आता काय लिहू?

सुकन्या: लिहा, पेशंटची मातृभाषा कानडी.

पंचशीला: लिहिलं.

सुकन्या: 'ब्याड' म्हणजे नको. ठळक लिहा. भरवताना म्हणाले तर घास पुढं करू नका. गप्प राहिले तर ते हो असतं. शून्य नसतं.

पंचशीला: असंच लिहू, शून्य नसतं?

सुकन्या: असंच. आणि मिशी वाढू द्या.

पंचशीला: बरं. अजून काही?

सुकन्या: डाव्या हातानं ठेका धरला तर तो अभ्यास नाही म्हणून लिहा.

पंचशीला: नुसतं तेवढंच लिहून कळणार नाही त्यांना. ठेका धरला तर त्यांनी काय करायचं?

सुकन्या: हातात असेल ते टाकून आधी त्यांच्याकडं जायचं. पेन असला तरी.